हातातल्या ग्राइंडरने होणाऱ्या दुखापती: सोलापूरच्या कामगारांचे आणि मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, गल्लीबोळातली ग्रिल-गेटची दुकानं, पॉवरलूमचे जॉबर (माग दुरुस्त करणारे), फरशी कापणारे मिस्त्री, गाळप थांबल्यावर साखर कारखान्यांत दुरुस्तीला जाणारे फिटर, सगळ्यांच्या हातात ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने कापणारं आणि घासणारं मशीन, असतं. बहुतेकांनी ते शेजारच्याचं बघून शिकलेलं असतं, म्हणजे शेजारच्याच्या चुकांसकट. कामगार, मालक आणि जखमींच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एवढंसं मशीन, त्याने एवढी मोठी जखम कशी होते?

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. तिची कड त्या वेळी ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत असते. चाकूने कापलं तर कातडीच्या दोन कडा सरळ मिळतात आणि टाके नीट बसतात. चकती मात्र मधलं मांस उडवून नेते. शीर, स्नायूबंध, नस यांची टोकं फाटतात, जखमेत चकतीचे आणि लोखंडाचे कण अडकतात. त्यामुळे वरून बोटभर दिसणाऱ्या जखमेनंतरही बोट पुन्हा वाकत नाही किंवा टोकाला स्पर्श कळत नाही, असं घडतं. ग्राइंडरची जखम "दोन टाके मारून घेऊ" म्हणून सोडून देऊ नका. बोटं हलतात का आणि स्पर्श कळतो का, हे डॉक्टरांकडून त्याच दिवशी तपासून घ्या.

"मशीन उसळलं" असं सगळे सांगतात. नेमकं काय होतं?

आमच्याकडे सर्वात जास्त दिसणारा प्रकार सांगतो. वीस फुटी चौकोनी पाइप, दोन्ही टोकांखाली एकेक वीट, आणि काप मधोमध. चकती वरून आत शिरते, पहिली भिंत कापली जाते, पाइप कमजोर होतो आणि स्वतःच्या वजनाने मधे खाली बसतो. खाली बसताना कापाची वरची फट मिटते. कामगार त्या क्षणी जोर लावत असतो आणि फट मिटल्याचं त्याला दिसत नाही. चकती दोन्ही बाजूंनी आवळली जाते. तिला फिरता येत नाही, मोटर तर फिरतेच आहे, मग फिरतं ते आख्खं मशीन. ते कापातून उडी मारून बाहेर येतं आणि चकतीच्या रेषेत जे असेल त्यावर जातं. वाकून काम करणाऱ्याचा चेहरा आणि गळा त्या रेषेत असतो, उकिडवं बसलेल्याची मांडी असते. हे इतकं झटकन होतं की हात आवरायला वेळच मिळत नाही. "मी घट्ट धरलं होतं" असं म्हणणारेही जखमी होतात.

उपाय जोर लावण्यात नाही, टेकू कुठे द्यायचा यात आहे. कापाच्या अगदी जवळ, एका बाजूला भक्कम आधार द्या आणि तुटणारा तुकडा मोकळा सोडा. म्हणजे तो जसजसा खाली जाईल तसतशी फट उघडत जाईल. पकडलेली बाजू लांब असेल तर तिच्या दुसऱ्या टोकालाही हलका आधार द्या, पण दोन टेकूंच्या मधोमध कधीच कापू नका. पाइप वाईसमध्ये किंवा क्लॅम्पने पकडा. पायाखाली दाबून धरणं ही पकड नव्हे. साइड हँडल लावा, दोन्ही हात मशीनवर ठेवा आणि स्वतः चकतीच्या रेषेपासून बाजूला उभे राहा. चकती कापात अडकलेली असताना बटण दाबू नका. बाहेर काढा, पूर्ण वेगात येऊ द्या, मग पुन्हा आत घाला. कापताना मशीन तिरकं करून काप वळवायचा प्रयत्नही नको, कारण बारीक चकती तिथेच चिरते.

शेठ म्हणतात, गार्ड (चकतीवरचं झाकण) असला की कोपऱ्यात मशीन जात नाही. काढला तर काय बिघडतं?

चकती फुटली की तिचे तुकडे तिच्याच वेगाने बाहेर पडतात. त्या तुकड्यांच्या आणि तुमच्या तोंडाच्या मधे गार्ड एवढी एकच वस्तू असते. मशीन उसळलं तरी चकतीची अर्धी कड झाकलेली राहते. गार्ड फिरवता येतो. त्याची बंद बाजू तुमच्याकडे येईल असा तो बसवायचा, आणि कोपऱ्यात जायचं असेल तर तोच ढिला करून फिरवून पुन्हा आवळायचा. तरीही कोपरा पोचत नसेल तर ते काम या मशीनचं नाही. डाय ग्राइंडर, कानस, हॅक्सॉ, रेसिप्रोकेटिंग सॉ यांतलं काहीतरी वापरा.

सोलापुरातल्या कुठल्याही लोखंडाच्या दुकानात आठवड्याभराच्या चकत्यांवर जेवढे पैसे जातात, त्यात नवा गार्ड येतो. म्हणून पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही. गार्ड काढला जातो तो सवयीने.

चार इंची मशीनवर पाच किंवा सात इंची चकती बसते. मग वापरायला काय हरकत आहे?

सगळ्यात वाईट जखमा याच उद्योगातून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाच इंची चकती चार इंचीच्या गार्डमध्ये मावत नाही, म्हणजे पहिला बळी गार्डचा जातो. चार इंची चकतीचं भोक साधारण १६ मिमीचं, पाच आणि सात इंचीचं २२ मिमीच्या वर. मग वॉशर किंवा घरी केलेली बुश (कडी) घालून जागा भरतात. चकती केसभर जरी मध्यापासून सरकली तरी त्या वेगात ती थरथरते, आणि थरथरणारी चकती चिरते.

सात इंचीची गोष्ट याहून भयंकर आहे. राळेने बांधलेल्या नेहमीच्या चकत्यांची मर्यादा कडेला सेकंदाला ८० मीटर असते. म्हणून सात इंची मशीन मुद्दामच हळू, मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांवर ठेवलेलं असतं. तीच चकती ११,००० फेऱ्यांच्या मशीनवर लावली की कडेचा वेग १०० मीटरच्या पुढे जातो. एवढा ताण सोसायला ती बनवलेलीच नाही. मोठ्या मशीनवर झिजून लहान झालेली चकती छोट्या मशीनवर "संपवायची" पद्धतही सोडा. तिचा व्यास कमी झाला तरी भोक चुकीचंच राहतं.

चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या पट्टीवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. हेल्परला पहिल्याच दिवशी हे दोन आकडे वाचायला शिकवा.

चकतीला एक्स्पायरी असते म्हणे?

असते. मधल्या भोकाभोवती पत्र्याची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ही मुदत साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षांची असते. राळ जुनी झाली, ओली झाली की पकड सोडते. पावसाळ्यात जमिनीवर पडलेली, पाण्याच्या बादलीशेजारी ठेवलेली, मोटारसायकलच्या डिकीत स्पॅनरबरोबर आदळत आलेली चकती तारखेत असली तरी टाकून द्या. हातातून फरशीवर पडलेलीही टाका. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. नवी चकती लावली की माणसांपासून मशीनचं तोंड फिरवून मिनिटभर रिकामी फिरवा. फुटायची असेल तर बहुधा तेव्हाच फुटते.

कटिंगच्या चकतीने घासलं तर चालतं का? आणि लाकडासाठी दातेरी पातं?

कटिंगची चकती एक ते तीन मिमी जाडीची असते. तिला आडवा दाब सोसत नाही. घासायला सहा मिमीची ग्राइंडिंग चकती किंवा फ्लॅप डिस्क घ्या. चकती बदलायला मिनिटभर लागतं.

दातेरी लाकडी पातं ग्राइंडरवर लावूच नका. ते लाकडात रुततं आणि मशीनला हातातून हिसकावून नेतं. शिवाय ग्राइंडरचा गार्ड त्या पात्यासाठी केलेलाच नसतो. लाकडाला गोल करवत असलेलं वेगळं मशीन मिळतं.

मला नंबरचा चष्मा आहे, तो पुरत नाही का? आणि उन्हाळ्यात गॉगल घामाने धूसर होतो.

नंबरच्या चष्म्याच्या कडेने, खालून, वरून कण आत जातात. डोळ्याला चिकटून बसणारा बंद गॉगल आणि त्यावर तोंडभर पारदर्शक शिल्ड, दोन्ही हवं. शिल्ड एकटं पुरत नाही, कारण हनुवटीकडून उडालेली ठिणगी वर चढते.

धूसर होण्याची तक्रार अगदी खरी आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली गॉगल दहा मिनिटं डोळ्यावर राहत नाही. त्यासाठी कामगारावर ओरडून भागणार नाही. बाजूला भोकं असलेला, धुकं न धरणारा गॉगल आणा. पंखा पाठीमागून लावा, म्हणजे धूळही पुढे जाईल. कापायचं काम सकाळी उरका, दुपारी जुळवाजुळव आणि रंग करा. ज्या मालकांनी वेळ बदलली त्यांच्याकडे गॉगल डोळ्यावर राहतो, हे मी पाहिलं आहे. आणि शेजारी उभा राहून पाइप धरणाऱ्या हेल्परलाही गॉगल हवाच. ठिणग्या त्याच्याच दिशेने जातात.

डोळ्यात कण गेला तर लगेच काय करायचं?

चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा उघडा ठेवून धुवा. निघाला तर ठीक, खुपत राहिलं तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. सिव्हिलमध्ये म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

काडीपेटीच्या काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा सुईने एकमेकांच्या डोळ्यातले कण काढण्यात पटाईत असलेला एक माणूस प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण बुबुळावर ओरखडा पडून जंतू शिरले तर पांढरा डाग कायमचा राहतो. लोखंडाचा कण रुतून राहिला तर काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचं कडं धरू लागतं. ते कडं डॉक्टरांनाच काढावं लागतं. मेडिकलमधून बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणून टाकू नका. दुखणं थांबतं आणि आत बुबुळ खराब होत राहतं.

चकतीचा तुकडा जोरात लागला असेल, बाहुलीचा आकार बदलला असेल, एकदम कमी दिसत असेल किंवा काही घुसलेलं दिसत असेल, तर नियम उलटा आहे. धुऊ नका, दाबू नका, घुसलेलं उपसू नका. कागदी कपासारखं काही डोळ्यावर उपडं ठेवून चिकटपट्टी लावा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. "ग्राइंडरचं लोखंड असू शकतं" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रुग्णाला एमआरआयमध्ये घालता येत नाही, आणि डोळ्यात राहिलेलं लोखंड महिन्यांनंतरही नजर घालवू शकतं.

हात कापला, बोट तुटलं तर?

आधी प्लग काढा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर यांतलं काही जखमेत भरू नका, ते काढता काढता डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो. चकतीचा तुकडा रुतला असेल तर तसाच राहू द्या आणि त्याच्या भोवतीने दाबा. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. १०८ ला फोन करा.

तुटलेलं बोट शोधा. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर पेशी मरतात. असं थंड राखलेलं बोट काही तासांनंतरही जोडता येतं, म्हणून "आता काय उपयोग" म्हणून ते फेकून देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा.

काम चालू असताना लाइट गेली तर?

सरकवायचं बटण असलेलं मशीन चालूच्या स्थितीत राहतं. लाइट गेली, माणूस मशीन खाली ठेवून चहाला गेला, वीज परत आली आणि मशीन जमिनीवरून स्वतःच पळालं, असे अपघात होतात. लाइट गेली की आधी बटण बंद करा, मग प्लग काढा. नवीन घेताना हात सोडताच थांबणारं, वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होणारं मशीन मागा. चकती बदलतानाही प्लग बाहेरच हवा. आणि बटण बंद केल्यावर चकती आणखी काही सेकंद फिरत असते. ती पूर्ण थांबेपर्यंत मशीन मांडीवर किंवा पायाशी टेकवू नका.

गळ्यात टॉवेल, हातात मोजे चालतील का?

सोलापुरात टॉवेल गळ्यात नाही असा कामगार विरळा. पण ग्राइंडर हातात घेण्याआधी तो काढून खुंटीला लावा. टोक चकतीत सापडलं की मशीन थेट गळ्याकडे खेचलं जातं. तारेचा ब्रश कापड सर्वात आधी पकडतो. ढगळ बाह्या आणि लोंबती लेस यांचंही तेच. सुती विणलेले सैल मोजे धागा सोडतात, त्यापेक्षा हाताला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे घ्या. टेरिकॉट, नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात, म्हणून अंगात जाड सुती शर्ट असू द्या.

लूमच्या शेडमध्ये छोटंसं काम आहे, तिथेच उभ्या उभ्या कापू का?

नाही. शक्य असेल तर तुकडा बाहेर नेऊन कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट जातात आणि लूमखाली, तुळईवर, पंख्याच्या पात्यांवर साठलेली कापसाची धूळ त्यांना आयतीच मिळते. आग लगेच दिसत नाही. ती धुमसत राहते आणि कामगार घरी गेल्यावर भडकते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. ती आग ग्राइंडरने लागली असं मी म्हणत नाही. पण सुती माल पेटल्यावर आतल्या माणसाला किती थोडा वेळ मिळतो, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे.

आत कापण्यावाचून गत्यंतर नसेल तर आधी धूळ झाडून काढा, माल हलवा, उरलेल्यावर ओली पोती टाका, पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करा. काम संपल्यावरही त्याने किमान तासभर तिथेच थांबावं. रिकाम्या ऑइलच्या किंवा थिनरच्या पिंपाला चकती लावूच नका. आतली वाफ स्फोटाला पुरेशी असते.

बोटं बधिर होतात, कानात शिट्टी वाजते. वयामुळे असेल का?

तिशीतल्या माणसाला वयामुळे असं होत नाही. रोज तासन् तास थरथर सोसल्याने बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. आधी मुंग्या, मग थंडीत बोटं पांढरी पडतात. घासण्याचं काम दोघांत वाटून घ्या, झिजलेल्या आणि हलणाऱ्या चकत्या टाका. आवाजासाठी कानात प्लग घाला, कारण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. ग्रॅनाइट, टाइल्स, काँक्रीट कापणाऱ्यांना सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. पाणी मारत कापण्यासाठी बनवलेलं मशीन आणि चांगला एन-९५ मास्क वापरा.

दवाखान्यात मालक म्हणाले, "घरी पडलो असं सांग."

सांगू नका. केसपेपरवर पहिल्यांदा जे लिहिलं जातं, तेच पुढे कामी येतं. "कामावर असताना, ग्राइंडरने" असं लिहायला सांगा, आणि तारीख, वेळ, ठिकाणही. खर्च मी करतो म्हणणारा मालक मनाचा चांगलाही असेल, पण खर्च दोन महिन्यांत संपतो आणि अंगठा आयुष्यभर नसतो. मालकांनाही सांगणं आहे की खरी नोंद तुमच्याही फायद्याची आहे. ईएसआय (राज्य कामगार विमा) भरत असाल तर बोजा विमा महामंडळ उचलतं, पण अपघाताचा अहवाल २४ तासांत जायला हवा.

भरपाई किती आणि कुणाकडून?

दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी उपचार आणि रजेच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. सोलापुरात राज्य कामगार विमा रुग्णालय आहे.

ईएसआय नसेल तर मालक भरपाई देतो, दुकानात चारच माणसं असली तरीही. हा १९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आलेला. हिशोब असा: वय ३०, पगार १२,०००, एक अंगठा गेला. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला कायद्यात ३० वर्षं वयासाठी ठरलेला गुणक २०७.९८ लावला की १४,९७,४५६. अंगठ्याचं नुकसान कायद्याने ३० टक्के धरलं आहे, म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये. पूर्ण तर्जनीला १४ टक्के, एका डोळ्याची दृष्टी गेली तर ३० टक्के. वर्कशॉपमध्ये वीस हजार हातावर ठेवून कागदावर सही घेतली जाते, तेव्हा हा आकडा माहीत असलेला बरा.

गार्ड नव्हता म्हणून भरपाई नाकारतील का?

कामगाराने सुरक्षेसाठी दिलेला गार्ड जाणूनबुजून काढला, हे सिद्ध झालं तर मालक काही बाबतींत सुटू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मात्र हे कारण चालत नाही. गार्ड मालकाने दिलाच नसेल किंवा त्याच्याच सांगण्यावरून काढला असेल, तर दोष तुमच्यावर येत नाही. म्हणून मशीन गार्डशिवाय हातात आलं तर व्हॉट्सअॅपवर "शेठ, गार्ड नाही, आणून द्या" एवढा निरोप टाकून ठेवा. गार्ड आला तर उत्तमच.

मी कच्चा आहे, पगाराची पावतीही नाही. मग?

पावती नसली तरी दावा होतो. फोनवर आलेला पगार, कामाच्या जागेचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सोबतच्या कामगारांची साक्ष, केसपेपर, सगळं जपून ठेवा. ठेकेदारामार्फत काम करत असाल तर ज्याच्या कारखान्यात काम चाललं होतं त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. अपघातापासून दोन वर्षांची मुदत धरून चाला. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. बरोबर आधार कार्ड, केसपेपर आणि अपघाताच्या दिवशी सोबत असलेल्या एका तरी माणसाचा फोन नंबर घेऊन जा.